रावजीचा वाटा

गणपती गेले की महाडात दोन गोष्टी एकाच वेळी होतात. मुंबईला परत निघालेल्या चाकरमान्यांनी एसटी स्टँड भरून जातं आणि सावित्रीचं पाणी निवळायला लागतं. सगळा पावसाळा गढूळ, लाल, झाडांचे ओंडके वाहून नेणारी ही बाई एकाएकी शहाणी होते. पुलावर उभं राहिलं तर काठाचे दगड दिसू लागतात, एखाद्या दगडावर मगर ऊन खात पडलेली असते, आणि आमचे लोक तिच्याकडे बघत बघत भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात.

माझ्या नवऱ्याची, विनायकची, या दिवसांत तब्येत बिघडते. ताप वगैरे काही नाही, जिताडा डोक्यात जातो. पावसाच्या तोंडाला मोठे जिताडे खाडीच्या मुखाशी अंडी घालायला उतरतात, त्यांची पिल्लं भरतीबरोबर वर येतात, आणि पाणी निवळलं की लहानमोठे सगळे भुकेले होऊन नदीत वर वर सरकतात, हे त्याने मला इतक्यांदा ऐकवलंय की मी झोपेतही म्हणून दाखवीन. भरतीचं पाणी चढून थांबतं आणि उलटं वळायच्या आधी जरा घुटमळतं, नेमका तेव्हा जिताडा गळाला लागतो म्हणे. दर रविवारी हा माणूस गळ, डबा आणि टोपी घेऊन जातो आणि खोकला घेऊन परत येतो. जिताडा आम्ही खाडीकडून येणाऱ्या कोळणीकडून विकत घेतो.

मी मात्र वरची. पोलादपूरच्या पलीकडे, घाट चढायच्या आधी, डोंगराच्या कुशीत आमची वाडी आहे. खाली सावित्री, आणि वरून उतरून तिला मिळणारा आमचा ओढा. आषाढात ओढा फुगला की नदीतले मासे धारेच्या विरुद्ध उड्या मारत भाताच्या खाचरांत चढतात. ती चढण. तिथेच ते अंडी घालतात, तिथेच भाताच्या बुडख्यांमधून त्यांची पिल्लं वाढतात. आणि दाणा भरत आला, खाचरातलं पाणी सोडायची वेळ झाली, की सगळे माघारी नदीकडे निघतात. ती उतरण. चढणीचा मासा ज्याने धरला त्याचा. उतरणीचा मासा मात्र सगळ्या वाडीचा, कारण तो कुणाच्या खाचरात जन्मला आणि कुणाच्या खाचरात खाऊन मोठा झाला, हे कोण सांगणार? सगळ्यांचं पाणी एकाच ओढ्यात उतरतं. तिथे बांध घालून बांबूची मोठी खोईन लावतात, तोंड रुंद आणि मागे निमुळती, म्हणजे आत शिरलेल्या माशाला वळता येत नाही.

गणपती गेले आणि घट बसायचे आहेत, त्या मधल्या दिवसांतली ही गोष्ट. पक्षपंधरवडा याच दिवसांत येतो, पण आमच्या वाडीला त्याची अडचण नाही. आमच्या पितरांनाही मासे लागतात, असं तात्या सांगतात. मला हे दिवस फार आवडायचे. लहानपणी आवडायचे, लग्न होऊन महाडला आले तेव्हाही आवडायचे. आता हे दिवस येऊच नयेत असं वाटतं. कारण गेल्या वर्षी मी एक फोन केला.

फोन काय होता ते सांगते, पण आधी वाटा कसा घालतात ते सांगायला हवं. वाटा चुलीमागे. घरात माणसं किती, शेत किती, याचा काही संबंध नाही. वाडीत जितक्या चुली तितकी सागाची पानं ओढ्याकाठच्या सपाट कातळावर मांडायची आणि खोईन उलटी करायची. शिंगट्या, मळ्या, एखाददुसरी मरळ, सापासारखा वळवळणारा अहिर, खेकडे, चिखल, काडीकचरा, सगळं भसकन बाहेर यायचं. बायका ओंजळीने घालून घालून पानं सारखी करायच्या. "त्या पानावर दोन घाल गो, ते उपाशी दिसतंय," अशी थट्टा चालायची. अहिर कुणाच्या हातात ठरायचा नाही. मग राखेची चिमूट, मग किंचाळ्या.

आणि मग तात्या उभे राहायचे. तात्या म्हणजे वाडीतले वयाने आणि आवाजाने मोठे. पानांकडे पाठ, समोरच्या डोंगराकडे तोंड. शेजारची पारूवहिनी एका पानाला काठी लावून ओरडायची, "ह्यो कुनाचा?" आणि तात्या न बघता एका चुलीचं नाव घ्यायचे. ज्याच्या नशिबी जे पान येईल ते. तात्यांनी आपल्या भावाला मरळ दिली असं कुणी म्हणायला नको, म्हणून ही पाठ. पान कुठलं येईल याचा भरवसा नाही, पण नावं मात्र वरच्या घरापासून खालच्या घरापर्यंत, ओळीने, दर वर्षी तीच. पांडूचा! रावजीचा! सुदामचा! आवाज समोरच्या डोंगरावर जाऊन परत यायचा. नाव आलं की त्या घरची बाई पातेली घेऊन पुढे व्हायची.

रावजी म्हणजे माझे बाबा. मी कॉलेजात असताना गेले. त्या वर्षी उतरणीला आई जाणार नाही असं मला वाटलं होतं. ती गेली. कपाळ मोकळं, पदर घट्ट खोचलेला, हातात तीच पातेली. पारूवहिनीने काठी लावली आणि तात्या म्हणाले, "रावजीचा!" अगदी आदल्या वर्षीसारखंच, आवाज तसूभर खाली न आणता. मला तात्यांचा राग आला होता. गेलेल्या माणसाचं नाव असं भाजीवाल्यासारखं ओरडायचं? पण आई पुढे झाली, पान उचललं, पातेलीत ओतलं आणि घरी येईपर्यंत मला शिंगटीचा काटा कसा मोडायचा ते सांगत राहिली. बाबा गेल्यापासून ती इतकं बोलली नव्हती.

आईने बाबांचं नाव आयुष्यात घेतलं नाही. "शोभाचा बाबा", "आमचं माणूस", नाहीतर नुसतं "ह्ये". लहानपणी ते नाव घ्यायचं काम माझं. पोलादपूरच्या दवाखान्यात नर्स विचारायची, "नवऱ्याचं नाव?" आणि आई माझ्या पाठीत कोपर खुपसायची. मी पुटपुटायचे, "रावजी." आई कानात म्हणायची, "मोठ्यानं बोल. त्यांना आयकू जाऊं दे." मी मोठ्याने बोलायचे आणि ती खाली बघून हसायची. तिला ते नाव ऐकायला आवडायचं, एवढंच. पक्षात भटजीही नाव घेतात, पण ते गेलेल्या माणसाचं, गोत्राबरोबर, नाकातल्या नाकात. तात्या घ्यायचे ते नाव अजून वाट्याचा हक्क असलेल्या माणसाचं होतं. वर्षातून एकदा आई ते ऐकायला जायची. मासे निमित्ताला होते. हे मला कळायला माझी पन्नाशी उलटली, आणि कळलं तेही उशिराच.

लग्न झाल्यावर पहिल्या उतरणीला मी हौसेने वाडीला गेले. नवी साडी खोचून कातळावर बायकांत जाऊन बसले आणि पान सारखं करायला हात घातला, तर पारूवहिनीने माझा हात धरून मला उठवलं. "तू आता पावनी. पावनीनं चिखलात हात घालायचा नाय." मला ओट्यावर बसवलं, साबण आणि टॉवेल दिला आणि थाळीत तळलेली मरळीची तुकडी आणून दिली, दिवसातली सगळ्यांत मोठी. वाटपाच्या आधीच काढून ठेवली होती. सगळ्या हसत होत्या, कौतुकाने बघत होत्या. मीही हसले, आणि तुकडी नुसती चिवडत राहिले. त्या थाळीत सगळं होतं, पण माझं असं काही नव्हतं. आपल्याच वाडीत मोठा तुकडा मिळणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

पुढे संसार, दुकान. कोर्टाजवळ माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, तारखांच्या दिवशी श्वास घ्यायला फुरसत नसते. उतरणीला जाणं जमेना. मग आई वाट्यातला निम्मा भाग माझ्यासाठी पाठवायला लागली. सागाच्या पानात गुंडाळून, त्यावर प्लास्टिकची पिशवी, त्यावर सुतळी, आणि ओळखीच्या कंडक्टरकडे. मी दुकान टाकून स्टँडवर जायचे. गाडी उशिरा यायची. पिशवी गळत असायची. आजूबाजूचे लोक नाकाला रुमाल लावून माझ्याकडे बघायचे, कंडक्टर म्हणायचा, "ताई, पुढच्या वेळी डबा द्यायला सांगा." घरी आणून ते बारीक बारीक मासे साफ करताना कंबर मोडायची. त्यात आमच्या मजल्यावर समोर राहायला आलेल्या बाई मासळी खात नाहीत. त्यांनी भांडण केलं नाही कधी, फक्त उदबत्ती लावून दार उघडं ठेवायच्या. मी त्यांच्या बाल्कनीकडे उघडणारी स्वयंपाकघराची खिडकी बंद करून मासे तळायला लागले. धुराने डोळे चुरचुरायचे. दोन दिवस पडद्यांना वास यायचा.

म्हणून मी तो फोन केला. वरवरचं कारण चांगलं होतं. गेल्या पावसात आमच्या घरामागच्या डोंगराला भेग पडली होती, आईचे गुडघे कामातून गेले होते, आणि तिला कायमची महाडला आणायचं ठरलं होतं. ते बरोबरच होतं, आजही मी त्यावर ठाम आहे. दरडीखाली आईला ठेवून इथे मी पंख्याखाली झोपू का? पण तिला आणणं वेगळं आणि तो फोन वेगळा. मी तात्यांना म्हटलं, "तात्या, आई आता माझ्याकडेच येतेय. यंदापासून आमचा वाटा धरू नका. उगाच तुम्हाला त्रास." तात्या म्हणाले, "आईला इचारलंस?" मी म्हटलं, "त्यात काय विचारायचं?" ते म्हणाले, "बरं."

उगाच तुम्हाला त्रास! कसली शहाणी मी. त्रास मला होता. मला तो वास नको होता, ती गळकी पिशवी नको होती, ती समोरच्या बाईंची उदबत्ती नको होती. आणि वाडीची मुलगी असून मला हे सुचू नये की मुंबईला गेलेले लोक वर्षानुवर्षं घर बंद ठेवतात, पण वाटा धरू नका असं कुणी म्हणत नाही? भाऊबंद त्यांच्या चुलीवर दिवाळीत, शिमग्यात काटक्या पेटवतात, त्यांचं पान उचलतात, खातात, आणि नाव चालू राहतं. नाव बंद करतात ते चूल कायमची विझली असं घरच्याच कुणीतरी सांगितल्यावर. ते सांगायचं काम मी केलं, दुकानात बसून, एका वकिलाच्या प्रती जुळवता जुळवता.

आईचं सामान आणायला मी टेम्पो घेऊन गेले, तो दिवस नेमका उतरणीचा निघाला. फोन माझ्या डोक्यातूनही गेला होता, इतका तो मला किरकोळ वाटला होता. आईने बांधलेल्या सामानातून पातेली ओढून काढली. "आता नको ना," मी म्हटलं, "ड्रायव्हर खोळंबलाय." "आलेच गो," म्हणत ती गुडघे धरत उतरलीसुद्धा. मी तिच्या मागे गेले. पानं मांडलेली होती. तात्यांनी पाठ केली. पारूवहिनी काठी लावत गेली. पांडूचा! आईने पातेली डाव्या हातातून उजव्या हातात घेतली. सुदामचा!

मला तेव्हा तो फोन आठवला. आई जागची हलली नाही. तिला वाटलं असावं, तात्या चुकले, पुढे घेतील. नावं खाली खाली जात राहिली, पानं उचलली गेली, कातळावर एकही पान उरलं नाही. तात्या वळले आणि त्यांना आई दिसली, हातात रिकामी पातेली घेऊन उभी. त्यांचं तोंड पडलं. "वहिनी," ते म्हणाले, "शोभानं फोन केला व्हता..."

"हां," आई लगेच म्हणाली. "मीच सांगाया लावलं व्हतं तिला. इसरलेच बगा. म्हातारी झाले."

सगळ्यांसमोर तिने मला सांभाळून घेतलं. मला दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं. पारूवहिनीने आपल्या पानातले मासे तिच्या पातेलीत घालायला उचलले, तर आई म्हणाली, "नको गो, गाडीत वास येतो." माझ्याकडे न बघता म्हणाली. टेम्पोत ती पातेली मांडीवर घेऊन बसली आणि महाड येईपर्यंत मी ड्रायव्हरशी डिझेलच्या भावाबद्दल बोलत राहिले.

वर्षभर आई इथे आहे. तिला काही विचारा, "बरं हाय." पाणी बरं हाय, पंखा बरा हाय, समोरच्या बाई बऱ्या हायत. माझी तिच्याशी तक्रारच नाही, हीच माझी तक्रार आहे. ती भांडली असती तर मी भांडले असते, रडले असते, मोकळी झाले असते. दुपारी ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. तिथून इमारतींच्या फटीतून नदीचा एक तुकडा दिसतो. विनायक तिला मोबाईलवर माशांचे व्हिडिओ दाखवतो. त्याने सांगितलं की डोंगरातला अहिर अंडी घालायला पार समुद्रात उतरतो आणि परत येत नाही, त्याची पिल्लं तेवढी दोऱ्यासारखी होऊन ओढ्यांमधून वर चढतात. आईने ऐकून घेतलं. "मंजे ह्या पान्यातूनच जात असनार," ती खिडकीकडे बघत म्हणाली. "आमच्या खोईनीतनं सुटलेला." मी आत जाऊन उगाच कुकर लावला.

यंदा पाणी निवळायला लागलं तसं आईने विचारलं, "वरचं पानी सोडलं आसंल का गो?" एवढंच. मी दुकानाच्या मागे जाऊन तात्यांना फोन लावला. म्हटलं, चुकलं माझं, आईचा वाटा पुन्हा धरा, हवं तर मी त्या दिवशी येऊन घरात चूल पेटवते. तात्या रागावले नाहीत. ते म्हणाले, "पोरी, ते घर आता खाली करायला लावलंय. भेग अजून वाढली. तिथं जाळ करायला मी तुला कसा सांगू? आनि चूल नाय तर वाटा कशाला धरू? बाकीचे इचारतील मला." मग म्हणाले, "पन तुम्ही या. वहिनींना घेऊन या. आमच्याकडं पावन्या म्हनून या." पाहुण्या हा शब्द त्यांनी इतक्या मायेने उच्चारला की मी हो म्हणून टाकलं.

आम्ही गेलो. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं, पातेली घेतली नव्हती. वाडीच्या तोंडाशी रिक्षा थांबली तिथे सागाची झाडं आहेत. मी रिक्षावाल्याशी परतीचं ठरवत होते, तोवर तिने दोन चांगली रुंद पानं तोडून, पुसून, घडी घालून पिशवीत टाकली. मला वाटलं बसायला घेतली.

कातळाशी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. "या वहिनी, बसा," म्हणत तात्या स्वतः पुढे आले. पारूवहिनीने आमच्या हातावर तांब्याने पाणी घातलं, साबण पुढे केला. आणि थाळी आली. तळलेली मरळीची तुकडी, जाड, लालबुंद, बाजूला भाकरी आणि कांदा. आईच्या थाळीत माझ्यापेक्षा मोठी. मी आईकडे बघितलं. ज्या बाईने दर वर्षी त्या चिखलात हात घालून पानं सारखी केली, तिच्या मांडीवर स्वच्छ टॉवेल होता. सगळ्या कौतुकाने बघत होत्या. कुणाचं काही चुकत नव्हतं. त्यांनी घरातलं सगळ्यांत चांगलं आम्हाला दिलं होतं.

"खावा ना वहिनी," पारूवहिनी म्हणाली. कालपर्यंत ती आईला "ए वैनी, खा गो" म्हणायची.

तात्यांनी पाठ केली. "ह्यो कुनाचा?" नावं वरच्या घरापासून सुरू झाली. आई जेवायची थांबली होती. "पांडूचा!" आणि मग तात्या अडखळले. इतक्या वर्षांची जिभेला सवय. तोंड उघडलं, नुसती हवा बाहेर आली, पारूवहिनीने काठी तशीच धरून ठेवली, आणि मग, "सुदामचा!" समोरच्या डोंगरावरून सुदामचा परत आला. आईने तुकडीतला काटा काढून थाळीच्या कडेला ठेवला. "चांगला झालाय," ती म्हणाली. "मीठ बरोबर हाय."

परत येताना मी तिचा हात धरला, तिने धरू दिला. मला म्हणायचं होतं, आई, मला माफ कर. ते वाक्य मी पोलादपूरपासून महाडपर्यंत तोंडात घोळवलं आणि गिळलं. माफी मागितली असती तर ती म्हणाली असती, बरं हाय.

दुसऱ्या दिवशी मी सकाळचं काम उरकून दुकानातून जेवायला आले, तर घरात मासळीचा वास. आई एकटी बाजारात जाऊन आली होती, त्या गुडघ्यांनी. पिशवीत जिताडा नव्हता, कसलाही मोठा मासा नव्हता. कोळणीकडचा खालचा गाळ म्हणतात तसली बारीक मासळी, चार जातींची मिसळलेली, दोनचार खेकडे आणि बराचसा चिखल. विनायक जेवायला बसायचा सोडून टोपीसकट दारात उभा होता आणि मला डोळ्यांनी काहीतरी विचारत होता. मी सवयीने आधी जाऊन खिडकी लावून घेतली.

ओट्यावर गॅसच्या शेगडीशेजारी आईने ती दोन सागाची पानं पसरली होती. मासळीचे दोन ढीग ती ओंजळीने सारखे करत होती, इकडची एक शिंगटी तिकडे, तिकडचा खेकडा इकडे.

"आई, दोन कशाला? एकत्रच करू की," मी म्हटलं.

"दोन चुली हायत," आई म्हणाली.

"कुठे दोन?"

तिने शेगडीकडे बोट दाखवलं. "दोन जाळ हायत ना? ह्यो मोठा तुमचा. ह्यो बारका माजा. मी माजं माज्यावर करीन." मग तिने हातात कालथा घेतला आणि मला म्हणाली, "पाठ कर."

विनायकला काही कळलं नव्हतं, पण त्याने शहाण्यासारखी टोपी काढली. मी ओट्याकडे पाठ केली. समोर बंद खिडकी होती, काचेत मला माझंच तोंड दिसत होतं.

"ह्यो कुनाचा?" मागून आईचा आवाज आला. पारूवहिनीसारखाच, खडा.

"विनायकचा," मी म्हटलं.

"आनि ह्यो?"

ते नाव मी कितीतरी वर्षांत उच्चारलं नव्हतं. मी त्यांना बाबाच म्हणायचे. दवाखान्यातली ती नर्स, पाठीतलं ते कोपर, आणि काल कातळावर तात्यांच्या तोंडून निघालेली ती नुसती हवा.

"रावजीचा," मी पुटपुटले.

"आयकू नाय आला," आई म्हणाली. "मोठ्यानं बोल."

मी पुढे होऊन खिडकीची कडी काढली. दोन्ही दारं सताड उघडली. समोरच्या बाई त्यांच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या, त्या वळून बघायला लागल्या. माझ्या पाठीमागून मासळीचा वास भपकन बाहेर गेला. इमारतींच्या फटीत नदीचा तुकडा दिसत होता, निवळलेला.

"रावजीचा!" मी ओरडले.

आई पातेली घेऊन पुढे झाली.